दोन पात्यांचे गाव : देवासची बाजारपेठ, तिचा इतिहास आणि तिच्या कला

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपली लेखणी सहसा राजवाड्याच्या दिशेने वळते. वंशावळ, लढाया, तहनामे आणि सनदा यांची जंत्री सिद्ध झाली म्हणजे इतिहास लिहून झाला, असे आपणांस वाटते. परंतु गावात राजे येतात आणि जातात. संस्थाने विलीन होतात. बाजारपेठ मात्र आपल्या जागी राहते. गावातील माणसे परस्परांना कशी भेटत, कोणती भाषा बोलत, कोणाचे गाणे ऐकत, याची खरी साक्ष तिच्याकडेच मिळते. बृहन्महाराष्ट्रातील गावांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष लागू पडते. येथील मराठी माणूस आपल्या गावाची ओळख बहुधा दरबारी वैभवावरून करून देतो आणि ज्या गल्लीत त्याच्या चार पिढ्या वाढल्या तिचा उल्लेख करणे विसरतो. प्रस्तुत लेखात आम्ही आमच्या देवासची ओळख बाजारपेठेच्या अंगाने करून देण्याचे योजिले आहे.

देवास हे माळव्यातील गाव इंदूरपासून सुमारे 35 किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले आहे. 1728 च्या सुमारास बाजीराव पेशव्यांच्या सैन्याबरोबर तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू माळव्यात आले आणि हा मुलूख त्यांच्या वाट्याला आला. धारचे पवार हे त्यांचेच भाऊबंद. मराठ्यांच्या माळव्यातील विस्ताराची ही हकीकत वाचकांस परिचित असल्यामुळे तिचा विस्तार येथे करीत नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या दोन भावांनी मुलूख एकत्र मिळविला आणि तो दोघांच्याही नावे चालला. थोरल्या भावाचा वंश ती ‘थोरली पाती’ आणि धाकट्याचा वंश ती ‘धाकटी पाती’. दोन्ही पात्यांचे राजे, दोन्ही पात्यांच्या गाद्या, आणि राजधानीचे गाव मात्र एकच, अशी ही व्यवस्था होती. 1818 च्या तहात इंग्रजांनी दोन्ही राजांना मान्यता दिली, ती दोघांनी मिळून एकाच कारभाऱ्याकरवी राज्य चालवावे या अटीवर. पण एका म्यानात दोन तलवारी किती काळ नांदणार? पुढे 1841 च्या सुमारास दोन्ही पात्यांचे कारभार वेगळे झाले.

कारभार वेगळे झाले, पण गाव कसे वेगळे होणार? दोन्ही पात्यांच्या जमिनी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. खुद्द देवासात तर मुख्य रस्ता हीच दोन राज्यांची सीमा ठरली. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीच्या अमलाखाली, तर समोरची बाजू धाकट्या पातीच्या. रस्त्यावरील दिवाबत्तीची व्यवस्था दोन्ही बाजूंना वेगळी. पाणीपुरवठ्याची व्यवस्थाही वेगळी. दरबार दोन, फौजा दोन आणि राजवाडेही दोन. परदेशी पाहुण्यांना तर टेनिसचे क्लबसुद्धा दोन असल्याचे पाहून मोठी मौज वाटे. 15 तोफांच्या सलामीचा मान दोन्ही राजांस सारखाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाची लोकसंख्या सुमारे 15 हजार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या थाटामाटातील विसंगती सहज लक्षात येते.

या व्यवस्थेकडे पाहून हसणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते केलेही. परंतु त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याचे दुकान एका राज्यात आणि समोरचा व्याही दुसऱ्या राज्यात. सकाळी भाजी घ्यावयास तो रस्ता ओलांडी, तेव्हा राज्याची सीमा ओलांडी. सायंकाळी कीर्तनास जाई, तेव्हा पुन्हा ती ओलांडी. जी सीमा दिवसातून दहा वेळा ओलांडावी लागते ती मनात फार खोल रुजत नाही. आमच्या मते देवासच्या कलाजीवनाचे मर्म याच गोष्टीत आहे. राज्ये दोन असली तरी ऐकणारे कान एकच होते. एका दरबारचा गवई दुसऱ्या बाजूच्या लोकांस परका नव्हता. किंबहुना आश्रय देणारी घराणी दोन असल्यामुळे एवढ्याशा गावात विद्वान, पुराणिक, गवई, कारागीर यांची वर्दळ अधिकच राहिली. लहान गावाला दोन दरबारांचे पोषण लाभणे, ही कारभाराच्या दृष्टीने अडचण असेल; कलेच्या दृष्टीने मात्र ती पर्वणी ठरली.

गावाच्या या द्वैताला देवीच्या टेकडीनेही आपली साथ दिली आहे. बाजारपेठेतून मान वर केली की ही टेकडी दिसते. देवीचा वास तेथे आहे म्हणून गावाचे नाव देवास, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी दोन स्थाने असून लोक त्यांना ‘बडी माता’ व ‘छोटी माता’ म्हणतात. या दोघी सख्ख्या बहिणी, अशी लोकांची समजूत. नवरात्रात माळव्याच्या खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागते, आणि कोणीही एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे पाठ फिरवीत नाही. दोन पात्यांच्या गावाला दोन बहिणींची देवी लाभावी आणि दोघींच्याही पायऱ्या एकाच वाटेने चढाव्या लागाव्यात, हे या गावाच्या स्वभावाशी सुसंगतच म्हटले पाहिजे.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज यांचा काळ हा देवासच्या सांस्कृतिक इतिहासातील एक लक्षणीय कालखंड होय. 1899 मध्ये ते गादीवर आले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी 1908 मध्ये त्यांचा विवाह झाला आणि कोल्हापूर-देवास हा संबंध जुळला. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव हेच पुढे 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. तुकोजीरावांचा राज्यकारभार शेवटी कर्जात बुडाला. त्यांनी पाँडिचेरीचा आश्रय घेतला आणि 1937 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. हा भाग दुःखद आहे. तथापि त्यांच्या भाविक आणि रसिक वृत्तीमुळे आमच्या गावातील एका उत्सवाला जागतिक साहित्यात स्थान मिळाले, ही गोष्ट त्यांच्या नावे जमा धरलीच पाहिजे.

तो उत्सव म्हणजे गोकुळाष्टमी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे प्रथम 1912-13 च्या प्रवासात देवासला येऊन गेले, आणि 1921 मध्ये तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने येथे राहिले. गावातील जुन्या राजवाड्यात आठ दिवस चालणारा गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी याच मुक्कामात पाहिला. देवापुढे स्वतः महाराज टाळ घेऊन नाचत, मंडळी अभंग म्हणत, गुलाल उधळला जाई, आणि अखेरीस मातीचे गोकुळ मिरवीत नेऊन तळ्यात विसर्जित होई. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या 1924 च्या कादंबरीतील शेवटचा ‘मंदिर’ हा भाग या सोहळ्यावरच आधारलेला आहे; आणि 1953 मध्ये त्यांनी देवासच्या आठवणींचे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याला नावच मुळी ‘द हिल ऑफ देवी’ असे दिले. या कादंबरीच्या ‘मंदिर’ भागात भजन चालते ते तुकारामाच्या नावाचे, हे मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. देहूच्या वाण्याचे नाव इंग्रजी कादंबरीत शिरले ते पुणे-मुंबईच्या वाटेने नव्हे. ते माळव्यातील एका लहानशा मराठी संस्थानाच्या जुन्या वाड्यातून शिरले. बृहन्महाराष्ट्राने मराठीसाठी काय केले, असे विचारणारांस एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

दरबारी संगीताचा विषय निघाला म्हणजे उस्ताद रजब अली खाँ यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. यांचा जन्म 1874 चा. बालपणीच ते देवासला आले आणि याच गावचे होऊन राहिले. वडील मंगलू खाँ यांच्याकडून त्यांना गायकीचा वारसा मिळाला, तर बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडून बीनेची तालीम. खाँसाहेबांच्या गळ्यातील गुंतागुंतीच्या तानांची जाणकारांत मोठी कीर्ती होती. कोल्हापुरातही त्यांचे वास्तव्य झाले, आणि निवृत्तिबुवा सरनाईकांसारख्या मराठी गायकाने त्यांची तालीम घेतली. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीवरही रजब अली खाँ यांच्या तानेची छाया जाणकारांस दिसते. त्यांचे पुतणे अमानत खाँ हे ‘देवासवाले’ या नावानेच ओळखले जात. लता मंगेशकरांना त्यांनी मुंबईत तालीम दिली. म्हणजे आमच्या गावाचे नाव एका गुरूच्या नावाला चिकटून मुंबईच्या संगीतसृष्टीपर्यंत पोहोचले. 1954 मध्ये रजब अली खाँ यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान लाभला आणि 1959 च्या जानेवारीत ते निवर्तले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ देवासात संगीत समारोह भरत आला आहे.

1948 हे वर्ष देवासच्या इतिहासाचा सांधा होय. त्या वर्षी दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि मुख्य रस्त्यावरील अदृश्य सीमा पुसली गेली. त्याच वर्षी एक आजारी तरुण गवई येथील कोरडी हवा मानवेल या आशेने देवासला राहावयास आला. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी 1924 मध्ये जन्मलेला, मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेला आणि लहान वयातच नावारूपास आलेला हा तरुण म्हणजे शिवपुत्र कोमकली, अर्थात कुमार गंधर्व. क्षयाने त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई यांनी शाळेत नोकरी करून संसार सांभाळला आणि पतीची शुश्रूषाही केली. शाळेच्या कामात आयुष्य गेलेल्या आम्हां मंडळींस या गोष्टीचे मोल अधिक वाटते. संगीताच्या इतिहासात अशा माणसांची नोंद एका ओळीत होते. परंतु ती ओळ नसती तर पुढचा अध्यायही लिहिला गेला नसता.

या सक्तीच्या मौनाच्या काळात कुमारजींनी काय केले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी रस्ता ऐकला. बाजाराला येणाऱ्या खेडुतांची बोली, बायकांची लग्नातील व सणांची गाणी, भिक्षा मागत जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, हे सारे त्यांच्या कानांवर पडत राहिले. मैफलीत गाणारा माणूस स्वतः ऐकता ऐकता शिकला. चार-पाच स्वरांतच फिरणाऱ्या लोकधुनेत रागाचे बीज असते, हा विचार त्यांनी येथूनच पक्का केला. मधसुरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी, मालवती, लगनगांधार हे त्यांचे नवे राग या विचाराचे फलित होय. धुनेतून उगवलेले म्हणून त्यांना ‘धुनउगम’ राग म्हणतात. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह 1965 मध्ये मौजेने प्रसिद्ध केला. त्यांतील अनेक बंदिशींची भाषा माळवी वळणाची आहे. कानडी घरात जन्मलेला, मराठी संस्कारांत वाढलेला आणि माळवीत बंदिशी बांधणारा हा गायक ज्या गावाने आपला मानला, ते गाव भाषेच्या सीमांविषयी काय मानीत असेल, हे निराळे सांगावयास नको.

देवासात शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथ संप्रदायाच्या या ठिकाणी निर्गुणी भजनांची परंपरा चालत आली. तेथील भजनांचा ठसा कुमारजींच्या कबीरगायनावर आहे, हे सर्वमान्य आहे. पुढे ‘त्रिवेणी’ या कार्यक्रमात त्यांनी कबीर, सूरदास आणि मीरा यांची पदे गाइली, आणि तुकोबांचे अभंगही त्याच तन्मयतेने गाइले. टेकडीच्या पायथ्याच्या वाटेवरील ‘भानुकुल’ या त्यांच्या घरी देशभरातील रसिक येत राहिले. वसुंधराबाई, चिरंजीव मुकुल आणि कन्या कलापिनी यांनी ही गायकी पुढे नेली. 1990 मध्ये कुमारजींना पद्मविभूषण मिळाले, आणि 12 जानेवारी 1992 रोजी देवासातच त्यांचे देहावसान झाले. येथे एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. 1948 ते 1959 ही अकरा वर्षे रजब अली खाँ आणि कुमार गंधर्व हे दोघेही एकाच गावात राहत होते. एक दरबारी युगाचा अखेरचा मोठा प्रतिनिधी. दुसरा त्या युगाच्या अस्तानंतर रस्त्यावरच्या सुरांतून नवे संगीत शोधणारा. दोन्ही युगे एकाच बाजारातून भाजी आणीत होती!

मोठ्या नावांबरोबर निनावी कलांचाही विचार केला पाहिजे, कारण गल्लीबोळांतील खरी कला तीच. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून पितृपक्षभर माळव्यातील मुली घराच्या बाहेरील भिंतीवर ‘संजा’ मांडतात. शेणाने रोज नवी आकृती काढावयाची, तिला गुलबक्षी, तेरडा अशा फुलांच्या पाकळ्यांनी सजवावयाचे, आणि सायंकाळी मैत्रिणी जमवून संजेची गाणी म्हणावयाची, असा हा क्रम असतो. अखेरीस ‘किलाकोट’ नावाची मोठी चौकट मांडून त्यात साऱ्या आकृती एकत्र येतात आणि नंतर ते सर्व पाण्यात विसर्जित होते. आपल्याकडील भोंडल्याशी आणि भुलाबाईशी हिचे नाते सहज जाणवते. देवासच्या मराठी घरांतील मुलीही शेजारणींबरोबर संजा मांडीत आणि पुढे नवरात्रात आपला भोंडला खेळत. दिवाळीस माळवी अंगणात गेरू आणि खडियाचे मांडणे, तर शेजारच्या मराठी दारात रांगोळी, हे दृश्यही या गल्ल्यांतलेच. दोन पात्यांच्या रस्त्यावर कलेचे असे देणेघेणे पिढ्यानपिढ्या चालले. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, कारण त्यावर कर नव्हता.

आता वर्तमानाकडे वळू. 1970 च्या दशकात देवासात नोटांचा छापखाना आला, कारखाने आले, आणि गाव झपाट्याने वाढले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाख ऐंशी हजारांच्या वर गेली. या वाढीबद्दल आमची तक्रार नाही. ज्या गावात पोट भरत नाही तेथे गाणेही फार काळ टिकत नाही. परंतु वाढीबरोबर मध्यवर्ती गावठाणाचे रूप पालटत आहे. मातीच्या भिंती गेल्या, तशी शेणाची संजाही गेली. तिच्या जागी बाजारात छापील कागदी संजा विकत मिळते. जुनी लाकडी महिरपीची घरे उतरवून त्यांच्या जागी काँक्रीटचे गाळे उभे राहतात. मराठी कुटुंबांतील तरुण मंडळी इंदूर, पुणे किंवा त्याहीपुढे जातात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि माळ्यावरच्या पेट्या.

या पेट्यांविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. दोन्ही पात्यांच्या चाकरीत असलेल्या घराण्यांकडे जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, उत्सवांच्या याद्या असे कागद असत, आणि त्यांतील पुष्कळसे मोडी लिपीत. मोडी वाचणारा माणूस घरात उरला नाही की ते कागद निरुपयोगी वाटू लागतात. घर विकताना ते रद्दीच्या भावाने जातात. गोकुळाष्टमीला कोणत्या आळीने काय द्यावयाचे, गवयाला बिदागी किती, दिव्याच्या तेलाचा खर्च कोणत्या पातीने सोसावयाचा, असा बाजारपेठेचा सारा इतिहास याच कागदांत असतो. राजांचा पत्रव्यवहार अभिलेखागारात जपला जातो. गल्लीचा पत्रव्यवहार मात्र तराजूत जातो. देवासच्या इतिहासाचे यापरते मोठे नुकसान आम्हांस दिसत नाही.

यावर उपाय कोणता? सरकार करील, अकादमी करील, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. पण जे काम गावाचे आहे ते गावानेच आरंभिले पाहिजे, आणि ते फारसे खर्चाचेही नाही. आमच्या व्यवसायाला अनुसरून आम्ही शाळेचाच मार्ग सुचवितो. आमच्या वर्गातील मुलांस पानिपतचे वर्ष तोंडपाठ असते. पण ज्या मुख्य रस्त्याने ती रोज शाळेत येतात तो एकेकाळी दोन राज्यांची सीमा होता, हे ठाऊक असलेला विद्यार्थी विरळा. वरच्या वर्गातील मुलांनी वर्षातून एकदा वही घेऊन ही पेठ चालावी. प्रत्येक जुन्या घराचे नाव, त्याचा व्यवसाय, दारावरील अक्षरे, ओट्याचा घाट टिपून घ्यावा. मुलींनी आजीकडून संजेची आणि भोंडल्याची गाणी उतरवून घ्यावीत. माळवी आजीकडून माळवी, मराठी आजीकडून मराठी. ज्या घरी मोडी कागद असतील त्यांनी ते निदान अभ्यासकास दाखविल्यावाचून टाकू नयेत. मराठी मंडळांनी गणेशोत्सवात वक्तृत्वाच्या स्पर्धांबरोबर मोडीवाचनाचा एक छोटा वर्गही ठेवावा.

असे प्रयत्न अशक्य नाहीत, याचे उदाहरण देवासातच घडले आहे. 1990 च्या दशकात एकलव्य या शैक्षणिक संस्थेच्या येथील केंद्रात दर महिन्याच्या 2 तारखेस खेड्यापाड्यांतील कबीर-भजन मंडळ्या जमत. तंबुरा, ढोलक, मंजिरी घेऊन शेतकरी व मजूर येत, रात्रभर भजने गात आणि गाता गाता त्यांच्या अर्थाचीही चर्चा करीत. भव्य सभागृह किंवा मोठा निधी हाती नसताना, केवळ ठरलेली तारीख आणि ऐकून घेणारी माणसे एवढ्याच भांडवलावर हे काम चालले. बाजारपेठेच्या स्मृतीसाठीही तेवढेच भांडवल लागेल.

बृहन्महाराष्ट्रातील इतर केंद्रांच्या वाचकांसही आमची हीच विनंती आहे. धार, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, म्हापसे येथील पेठांनाही आपापल्या कथा आहेत. त्या तेथील मंडळींनीच लिहावयास हव्यात. देवासच्या रस्त्याने दोन राज्ये वेगळी केली. माणसे, भाषा आणि सूर यांना मात्र त्याने कधी अडविले नाही. राज्ये गेली आणि सीमाही गेली. आता त्या रस्त्याची आठवण कोणत्या पातीकडे सोपवावयाची, हा प्रश्न उरला आहे. आमच्या मते ती सांप्रत शाळेत जाणाऱ्या पिढीकडे सोपवावी. आणि तिच्या हाती देण्याजोगे काही शिल्लक आहे तोवरच ते काम उरकावे.